कोठीघर रिकामे, पण दार बंद!

(मंडळाच्या हीरक महोत्सवी वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी मला सांगितले, "तुम्ही त्या यंत्राची हकीकत सांगा." मी म्हटले, "अहो, वर्धापनदिनाला लोक गाणे ऐकायला येतात, गाऱ्हाणे ऐकायला नाही." पण त्यांनी ऐकले नाही. तेव्हा आता तुम्हीच ऐकून घ्या. मी काही यंत्रशास्त्र शिकलेली बाई नव्हे. तीस वर्षे हिशेबखात्यात नोकरी केली आणि बेरीज जुळेपर्यंत जागेवरून उठायचे नाही, एवढेच तेथे शिकले. त्या शिकवणीचा अशा विचित्र ठिकाणी उपयोग होईल, असे मात्र मला कधी वाटले नव्हते.

आपल्या मंडळाची जुनी इतिवृत्ते, सहलींचे आणि हळदीकुंकवाचे फोटो, आणि गेल्या दोन वर्षांत आपण ध्वनिमुद्रित करून घेतलेल्या वडीलधाऱ्या बायकांच्या आठवणी व ओव्या, हे सर्व माझ्या घरी एका पेटीत ठेवले आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. या पेटीला 'नॅस' म्हणतात. घरातल्या नेटवर्कला जोडलेले कोठीघरच ते. टिफिनच्या डब्याहून थोडी मोठी काळी पेटी. आत ४ टीबीच्या दोन डिस्क. राउटरला एक तार. फोनवरून, लॅपटॉपवरून, घरातल्या कोणालाही त्यात वस्तू ठेवता येते आणि काढता येते. एका डिस्कवर जे लिहावे तेच दुसरीवरही आपोआप लिहिले जाते, म्हणजे एक बिघडली तरी दुसरी असते. शिवाय मी एक तिसरी डिस्क यूएसबीच्या तारेने बाहेरून जोडून ठेवली होती आणि रोज रात्री २ वाजता मंडळाच्या सगळ्या सामानाची प्रत तिच्यावर उतरावी, असा हुकूम पुतण्याकडून लिहून घेतला होता. इतका बंदोबस्त केल्यावर मी निर्धास्त झोपत असे.

गेल्या दिवाळीनंतर या स्मरणिकेच्या कामाला हात घातला. लॅपटॉपवर पेटीचे पान उघडले, नाव लिहिले, पासवर्ड लिहिला, तर समोर उत्तर आले की डिस्कवरील जागा संपली असल्यामुळे आत प्रवेश देता येत नाही. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करून पाहावे. मी बंद करून सुरू केले. पुन्हा तेच. आणखी एकदा केले. पुन्हा तेच. आता तर आधी उघडत असलेले फोल्डरही उघडेनात.

मला प्रथम आश्चर्य वाटले, मग राग आला. ४ टीबीच्या डिस्कमधली जेमतेम एक टीबी जागा आपण वापरलेली. तीन हिस्से कोठीघर रिकामे, आणि दारावर पाटी 'जागा नाही'! पण राग ओसरल्यावर पोटात गोळा आला, त्याचे कारण निराळे होते.

दिवाळीच्या आधी, साफसफाईच्या आदल्या दिवशी, म्हणजे शनिवारी संध्याकाळी मी माईंकडे गेले होते. माई त्या दिवशी रंगात होत्या. मंडळाची पहिली सभा कोणाच्या ओसरीवर भरली, पहिली वर्गणी किती होती, शिवणयंत्र घेण्यासाठी दारोदार कसे हिंडावे लागले, हे सगळे त्यांनी ४२ मिनिटे अखंड सांगितले. मध्येच दोन ओव्याही म्हटल्या. रविवारी सकाळी मी ते मुद्रण पेटीत ठेवले आणि फोनमध्ये जागा हवी म्हणून फोनवरचे पुसून टाकले. पुढच्याच आठवड्यात माईंना झटका आला. माई आज आपल्यात आहेत, हसून आपल्याकडे पाहत आहेत, हे आपले भाग्य. पण बोलणे अजून परतलेले नाही. म्हणजे त्या ४२ मिनिटांची जागा घेणारे दुसरे काहीच जगात नव्हते, आणि ती होती त्या बंद पेटीत.

पेटी पिशवीत घालून मी दुकानात गेले. तेथला मुलगा सौजन्याने वागला, त्याला मी बोल लावत नाही. तो म्हणाला, "काकू, सिस्टिम फुल झाली आहे. फॉरमॅट मारून नव्याने बसवू. नाहीतर मोठ्या डिस्क घ्या." मी विचारले, "आतल्या सामानाचे काय?" तो म्हणाला, "बॅकअप असेलच ना तुमच्याकडे?" मी मोठ्या दिमाखाने म्हटले, "आहे तर!" आणि म्हणता म्हणता थबकले. आहे असे मी समजत होते. उघडून कधी पाहिले होते? एकदाही नाही. मी पेटी उचलली आणि तशीच घरी आले. भगिनींनो, या सगळ्या प्रकरणात मी शहाणपणाची एकच गोष्ट स्वतःच्या बुद्धीने केली, ती ही.

रात्री बंगळूरला भाचीला फोन लावला. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "मावशी, आधी एक समजून घे. त्या पेटीत खोली एक नाही, दोन आहेत." मग तिने समजावले ते तुम्हालाही सांगते, कारण अशी पेटी तुमच्यापैकी चार-पाच घरांत तरी आहे.

आपण सामान ठेवतो ती मोठी खोली. पण पेटी चालवणारी जी मूळ प्रणाली असते, ती प्रत्येक डिस्कच्या सुरुवातीला कापून ठेवलेल्या एका लहानशा भागात राहते. त्याला सिस्टिम पार्टिशन म्हणतात. माझ्या पेटीत तो भाग अवघा २.४ जीबीचा. इमारतीत जिन्याखाली मीटरची खोली असते ना, तसे समजा. तेथे आपण राहत नाही, पण तेथे कोणी अडगळ भरली तर वर सगळ्यांचा दिवा जातो. प्रणालीला पावलोपावली काही ना काही टिपून ठेवावे लागते. कोण आले, कधी आले, त्याला कोणती चिठ्ठी दिली, हे सगळे त्या लहान खोलीत. तेथे टाचणी ठेवायला जागा उरली नाही, की ती दारावरच्या माणसालाही आत घेत नाही. आणि मोठ्या डिस्क आणून काही उपयोग नाही, कारण नव्या डिस्कवरही ही खोली तेवढीच कापली जाते आणि जुन्या खोलीतली अडगळ जशीच्या तशी तिच्यात उतरते.

आता आत शिरायचे कसे? पुढचे दार बंद. पण मागचे एक दार भाचीने गेल्या उन्हाळ्यात आली तेव्हा उघडून ठेवले होते. त्याला एसएसएच म्हणतात. लॅपटॉपवर एक काळी खिडकी उघडायची आणि तिच्यात अक्षरे लिहून पेटीशी बोलायचे. पासवर्ड लिहिताना तेथे काहीच उमटत नाही, ठिपकासुद्धा नाही. मी तीनदा लिहिला, तीनदा वाटले की बोटे चालत नाहीत. भाची म्हणाली, "मावशी, उमटत नाही म्हणजे लिहिले जात नाही असे नव्हे. लिही आणि एंटर दाब." आत शिरलो.

पहिला प्रश्न विचारला तो 'डीएफ' या आज्ञेने. कोणत्या खोलीत जागा किती आणि उरली किती, एवढेच ती सांगते. या आज्ञेचे आणि हिची बहीण 'डीयू' हिचे वय ऐकून मला मौज वाटली. १९७१ साली अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजमध्ये तयार झालेल्या युनिक्सच्या पहिल्या पुस्तिकेपासून दोघी आहेत. उत्तर आले: मोठी खोली, २६ टक्के भरलेली. बाहेरची यूएसबी डिस्क, अर्ध्याहून रिकामी. आणि लहान खोली, १०० टक्के.

"आता पुसू का काही?" मी विचारले. "मुळीच नाही," भाची म्हणाली. "त्या खोलीतली वस्तू काय आहे हे कळल्याशिवाय हात लावायचा नाही. तेथले एखादे पान चुकून गेले तर पेटी उठणारच नाही. आधी माईंचा आवाज बाहेर काढू."

म्हणून दुसरे काम केले ते बचावाचे. त्या काळ्या खिडकीतूनच यूएसबी डिस्कवर काय आहे ते पाहिले. आणि भगिनींनो, मी दुकानात दिमाखाने जे म्हटले होते त्याची किंमत तेथे कळली. प्रती होत्या, पण साफसफाईच्या रविवारच्या आधीच्या. त्यानंतर एकही प्रत उतरली नव्हती. माईंचे मुद्रण त्या डिस्कवर नव्हते. दुकानात 'हो' म्हटले असते तर आजच्या कार्यक्रमात काय घडले असते, ते मी सांगत बसत नाही.

मोठ्या खोलीतले मंडळाचे सगळे फोल्डर आम्ही हाताने आज्ञा देऊन यूएसबी डिस्कवर उतरवले. पेटी रीतसर बंद केली. मग ती डिस्क काढून लॅपटॉपला लावली आणि माईंची फाइल उघडली. पहिल्या वाक्यालाच मी फोन कानापासून दूर धरला, कारण भाचीला माझे रडणे ऐकू जाऊ द्यायचे नव्हते. ४२ मिनिटे होती. शेवटपर्यंत ऐकली. अर्धी ऐकून 'ठीक आहे' म्हणण्याची माझी हिंमत नव्हती.

आता उरला हिशेब. दुसऱ्या दिवशी डिस्क पुन्हा पेटीला लावून आम्ही लहान खोलीची झडती घेतली. त्यासाठी 'डीयू'. कोणत्या फोल्डरमध्ये किती सामान आहे याची ती बेरीज देते. फक्त तिला बजावायचे की याच खोलीतले मोज, शेजारच्या खोलीत जाऊ नकोस. बहुतेक वेळा अशा पेट्यांत अपराधी सापडतो तो नोंदींच्या फोल्डरमध्ये. एखादा प्रोग्रॅम बिघडतो आणि रात्रंदिवस तीच तक्रार लिहीत सुटतो, त्याची बखर फुगते. आमच्याकडे तसे काही नव्हते. सगळ्या फोल्डरांची बेरीज आली १.४ जीबी.

मी कागदावर मांडले. डीएफ म्हणते, २.४ जीबी भरली. डीयू म्हणते, सामान १.४ जीबीचेच. तफावत एक जीबी. भाची गप्प होती. मला मात्र हुरूप आला. कारण मी जन्मभर हेच केले आहे. रोकड आणि खतावणी यांत फरक पडला की रोकड खोटी नसते आणि खतावणीही खोटी नसते. मध्ये कोठेतरी एक नोंद बसलेली असते, जी एकीला दिसते आणि दुसरीला दिसत नाही.

अशी न दिसणारी जागा दोन प्रकारे अडते, असे भाचीने सांगितले. एक, फाइल पुसली पण कोणत्या तरी प्रोग्रॅमने ती अजून हातात धरून ठेवली आहे. मग नाव जाते, जागा सुटत नाही. पण यंत्र बंद करून सुरू केले की तो हात सुटतोच, आणि ते तर मी आधीच करून चुकले होते. दुसरा प्रकार असा. बाहेरची डिस्क पेटीला लावली की ती एका ठरलेल्या फोल्डरच्या जागी दिसू लागते. तो फोल्डर मुळात लहान खोलीत असतो. डिस्क त्याच्यावर येऊन बसते. जमिनीवर सतरंजी अंथरावी तशी. आता त्या फोल्डरमध्ये आधीच काही पडलेले असेल, तर ते सतरंजीखाली जाते. दिसत नाही, मोजता येत नाही, पण जागा अडवून बसते.

"मावशी," भाचीने विचारले, "मधे कधी ती यूएसबीची तार निघाली होती का?"

आणि मला तो रविवार आठवला. दिवाळीची साफसफाई. टेबल सरकवले, व्हॅक्यूम क्लीनर फिरवला. कोणी कामवाली नव्हती, कोणी नातवंड नव्हते. माझ्याच हाताने तार निघाली. सोमवारी सकाळी लोंबताना दिसली आणि मी ती खोचून टाकली. कोणाला सांगण्यासारखे त्यात काय होते?

आम्ही पेटी बंद केली, यूएसबी डिस्क काढून बाजूला ठेवली आणि पेटी पुन्हा सुरू केली. सतरंजी उचलली म्हणा. डीयूला पुन्हा विचारले. आता बेरीज जुळली. डिस्क जेथे दिसायची त्या फोल्डरमध्ये एक जीबीचे सामान पडले होते, आणि ते सगळे आपल्याच मंडळाचे होते.

घडले होते ते असे. रविवारी रात्री २ वाजता नेहमीचा हुकूम चालू झाला. त्या हुकमात पुतण्याने भाबडेपणाने एक ओळ घातली होती, की समोर फोल्डर नसेल तर नवा तयार कर. डिस्क जागेवर नव्हती. हुकमाने इमानाने नवा फोल्डर केला, तोही लहान खोलीत, आणि एकेक फाइल त्यात आणून टाकू लागला. एकोणतीस मुद्रणे मावली, तिसावे अर्धे राहिले आणि खोली भरली. पण हुकूम थांबला नाही. पुढच्या प्रत्येक फाइलचे नाव त्याने लिहिले आणि आत काहीच लिहू शकला नाही. आम्ही यादी पाहिली तेव्हा खाली ओळीने नावे होती आणि प्रत्येकापुढे आकार शून्य. त्यात माईंचेही नाव होते. माईंच्या नावापुढे शून्य! त्या दिवसापासून रोजचा हुकूमही चालेनासा झाला, कारण त्याला स्वतःची नोंद लिहायलाही जागा उरली नव्हती. आणि पेटीवरचा दिवा इतके दिवस हिरवाच होता.

ते सामान आम्ही पुसले नाही. मोठ्या खोलीत नवा फोल्डर करून त्यात हलवले. मूळ फायलींशी ताडून पाहिले, आणि सगळे मूळ जागच्या जागी आहे अशी खात्री पटल्यावरच आठवड्याने ती रद्दी काढली. लहान खोली १०० वरून ५८ टक्क्यांवर आली. पेटी पुन्हा सुरू केली, पान उघडले, नाव लिहिले, पासवर्ड लिहिला, आणि दार उघडले. मग मागचे दार बंद करून टाकले, कारण काम झाल्यावर मागचे दार उघडे ठेवू नये, हे काही आपल्याला शिकवावे लागत नाही.

आता दुरुस्तीचे सांगते. पुतण्याच्या हुकमातली ती ओळ काढली. यूएसबी डिस्कवर एक इवलीशी खुणेची फाइल ठेवली आहे. रात्री हुकूम प्रथम ती खूण शोधतो. खूण दिसली तरच प्रत उतरवतो. नाही दिसली तर काही न करता मला ईमेल पाठवतो. काम झाले नाही हे सांगणारे कोणी असावे लागते, हा धडा मला महागात पडता पडता राहिला.

आणि आणखी एक. दोन डिस्कवर एकच गोष्ट लिहिली जाते म्हणून मी निश्चिंत होते. पण ते आरशासारखे आहे. तुम्ही कुंकू लावलेत तर आरशातही दिसेल, पुसलेत तर आरशातूनही जाईल. डिस्क बिघडली तर तो बंदोबस्त उपयोगी. चुकून पुसले, फॉरमॅट केले, चोरी झाली, पाणी शिरले, तर नाही. या धंद्यातल्या लोकांचा एक नियम आहे, तो अमेरिकेतले छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी प्रचलित केला. प्रती ३ असाव्यात, २ निरनिराळ्या साधनांवर असाव्यात, आणि १ घराबाहेर असावी. माझ्याकडे घराबाहेरची प्रत नव्हतीच. आता मंडळाच्या सामानाची एक डिस्क खजिनदारबाईंच्या कपाटात असते, आणि दर महिन्याच्या सभेला ती व माझ्याकडची यूएसबी डिस्क यांची अदलाबदल होते. कार्यकारिणीने एक ठरावही केला आहे. त्या सभेत डिस्कवरचे कोणतेही एक मुद्रण चिठ्ठी टाकून निवडायचे आणि पाच मिनिटे सगळ्यांनी ऐकायचे. त्यामुळे तपासणीही होते आणि सभेला बायका वेळेवर येऊ लागल्या आहेत, हा वरचा फायदा!

भगिनींनो, ज्यांच्या घरी अशी पेटी आहे त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. 'जागा संपली' असे यंत्र म्हणाले तर कोणती जागा, हे आधी विचारा. पुसण्याची घाई करू नका. जे पुन्हा मिळणार नाही ते पहिल्याने बाहेर काढा, मग घर झाडा. आकडा जुळत नसेल तर त्याच्यावर बोळा फिरवू नका. त्या न जुळणाऱ्या आकड्यातच उत्तर बसलेले असते. आणि ठेवलेली वस्तू मधूनमधून उघडून पाहा. आपण लोणच्याची बरणी पाहतो, ठेवणीतल्या शालूची घडी मोडून पाहतो. मग साठ वर्षांच्या आठवणींनीच काय पाप केले आहे?

नाव लिहिले म्हणजे वस्तू राहिली असे नाही. आपल्या इतिवृत्तांतही पुष्कळ जणींची नुसती नावे आहेत. त्या काय बोलल्या, कशा हसल्या, हे आता कोणी सांगू शकत नाही. त्यांच्या नावापुढे शून्य राहिले, ते आपल्या हाती नव्हते. पुढच्यांचे आपल्या हाती आहे.

आता मी खाली बसते. चिटणीसबाई ध्वनिक्षेपकाला लॅपटॉप जोडत आहेत. माई, तुम्ही त्या शनिवारी मला म्हणाला होतात, "एवढे कशाला भरून ठेवतेस, कोण ऐकणार आहे?" आज सभागृह भरले आहे. आता तुम्ही बोला, आम्ही ऐकतो.